‘चौथ्या पाटा’चा धनी

अमेरिकेहून परतल्यापासून मला पाच-सहा ठिकाणी बोलायला बोलावलं. बँकेतल्या निवृत्तांचा मेळावा झाला, आमच्या इमारतीचा गणेशोत्सव झाला, एक वाचनालय झालं, मुलुंडचं एक महिला मंडळही झालं. सगळीकडे मी नायगाऱ्याचं पाणी, शिकागोतल्या ढगात डोकं खुपसलेल्या इमारती आणि माणूस औषधालाही न दिसणारे रस्ते हात नाचवून सांगितले. लोक हसले, शाल-श्रीफळ मिळालं. जे सांगायला हवं होतं ते मात्र प्रत्येक ठिकाणी गिळून घरी आलो. शेवटी बायको म्हणाली, “बोलायला तोंड उचकटत नसेल, तर लिहा तरी.” म्हणून लिहायला बसलो आहे.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचायचं की नाही हे ज्याचं त्याला ठरवता येईल. ‘चौथा पाट’ या ज्या नाटकामुळे मला चार लोक ओळखतात आणि ज्याच्या जिवावर मी अमेरिका पाहून आलो, ते नाटक माझं नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी फोर्टातल्या फुटपाथवर जुन्या मासिकांच्या ढिगात मला एक इंग्रजी मासिक सापडलं. त्यात एका फ्रेंच नाटकाचं भाषांतर होतं. पॅरिसच्या बड्या घरांत जेवायच्या टेबलावर तेरा माणसं असणं अशुभ, म्हणून आयत्या वेळी चौदावा म्हणून बसायला बोलावला जाणारा एक फाटका पण टापटिपीचा माणूस, ही त्याची गोष्ट. ती वाचताना मला सुचलं की तेराचे आपण तीन करावेत. ‘तीन तिघाडा काम बिघाडा’ हे आपल्याकडे पोराटोरांनाही पाठ असतं. जेवायला तिघंच असले की शकुनाला म्हणून ज्याच्यासाठी चौथा पाट मांडतात असे एक दामूअण्णा मी उभे केले आणि ती भूमिका स्वतःच करू लागलो. मूळ नाटकात शेवटी खरा चौदावा पाहुणा उशिरा येऊन टपकतो. यजमानीण नायकाच्या कानात कुजबुजते. तो अर्धं सूप तसंच ठेवून उठतो, टोपी घेतो आणि जातो. टेबलावरच्या गप्पा क्षणभरही थांबत नाहीत. पडदा. हे आपल्याकडे चाललं नसतं, असं मी ठरवून टाकलं. माझ्या नाटकात घरातली म्हातारी उठून दामूअण्णांचा हात धरते आणि म्हणते, “बसा हो, पाट तुमचाच आहे.” इथे सगळं थिएटर डोळे पुसतं.

पहिल्या जाहिरातीच्या मजकुरात मी ‘रूपांतर’ असं लिहून त्या फ्रेंच लेखकाचं नाव घातलं होतं. आमचे निर्माते अप्पासाहेब म्हणाले, “हे नाव वाचताना लोकांची बत्तीशी बाहेर यायची. आणि तो फ्रेंच गृहस्थ काय गिरगावात तिकीट काढायला येणार आहे?” मी हसलो. तेव्हा सगळेच असं करत, ही माझी ढाल होती आणि ती काही अगदीच खोटी नव्हती. पुढे स्वतंत्र नाटकासाठीचं एक बक्षीस मिळालं, तेव्हाही गप्प बसलो. मग एका मुलाखतीत विचारलं, “ही कल्पना कुठून सुचली?” मी म्हणालो, “आमचे वाईचे एक काका होते.” असे कोणी काका नव्हते. पण पुढच्या प्रत्येक मुलाखतीत मी त्यांना थोडं थोडं वाढवत नेलं. एकदा पांढऱ्या मिशाही दिल्या.

शॉमबर्ग

आम्ही नऊ कलावंत मे महिन्याच्या शेवटी शिकागोला उतरलो. महाराष्ट्र मंडळाने प्रत्येकाला एकेका घरी वाटून दिलं होतं. मी शॉमबर्ग या उपनगरात श्रीकांत आणि सुनीता देवस्थळी यांच्या वाट्याला आलो. श्रीकांतराव पुण्याचे इंजिनियर, बावीस वर्षं तिकडे. सुनीताबाई नागपूरच्या, त्यामुळे घरात तिखटावरून रोज प्रेमळ भांडण व्हायचं. घर ऐसपैस, पायाखाली भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा, आणि शांतता इतकी की पहिल्या दिवशी मला वाटलं, शेजारी कोणी गेलंय की काय.

सुनीताबाईंच्या स्वयंपाकघराने मला थक्क केलं. या बाईने तिकडच्या दुकानातून आपलं सगळं जग पैदा केलं होतं. आंबट क्रीमचं श्रीखंड होतं, पॅनकेकच्या पिठाचे गुलाबजाम होते, न्याहारीच्या डब्यातल्या तांदळाच्या लाह्यांचा चिवडा होता. मी वाहवा केली तर म्हणाल्या, “असली चव नाही येत हो काका. नक्कल ती नक्कलच.” माझा हात वाटीतच थांबला. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक.

दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी केतकी आली. वय वीस, तिकडेच जन्मलेली, विस्कॉन्सिनमधल्या एका छोट्या कॉलेजात नाटक शिकणारी. आल्या आल्या वाकून नमस्कार केला आणि एक जाड फाईल माझ्या मांडीवर ठेवली.

“काका, हे तुमचं नाटक. मी ट्रान्सलेट केलंय. व्हिडिओ कॅसेट पाहून पाहून. आय मस्ट हॅव सीन इट थर्टी टाइम्स.”

श्रीकांतराव हसून म्हणाले, “आमच्याशी मराठीत एक वाक्य बोलायची नाही ही. वर्षभर मात्र आईच्या मागे लागली होती, याचा अर्थ काय, त्याचा अर्थ काय.”

“‘शकुन’ला मी अडकले,” केतकी म्हणाली. “ओमेन इज सो डार्क, ना? आणि पाट म्हणजे चेअर नाही. मग बाबांनी गराजमध्ये मला एक पाट करून दिला. मी त्याच्यावर बसून ट्रान्सलेट केलं.”

तो पाट तिने आणून दाखवला. पाइनच्या फळीचा, खाली दोन आडव्या पट्ट्या, चक्क आपल्याकडच्यासारखा. मुलीच्या एका शब्दासाठी बापाने करवत हातात घेतली होती. मला भरून आलं. त्याच वेळी लाजही वाटली. फाईलच्या पहिल्या पानावर तिने टीप लिहिली होती. लेखकाच्या वाईच्या काकांवर बेतलेलं, असं त्यात होतं.

“काकांचं नाव काय होतं? मला घालायचंय.”

“विष्णुपंत,” मी म्हणालो. तोंडातून पटकन निघून गेलं. नाटकवाल्याला हजरजबाबीपणा लागतो म्हणतात, तो असा उपयोगी पडला.

डेव्हन ॲव्हेन्यू

शुक्रवारी श्रीकांतराव, केतकी आणि मी डेव्हन ॲव्हेन्यूला, शिकागोतल्या आपल्या लोकांच्या बाजारात गेलो. प्रयोगाआधीच्या पूजेसाठी नारळ, उदबत्ती, कुंकू हवं होतं. एका बाजूला साड्यांची दुकानं, दुसरीकडे मिठाई, मधूनच बस धापा टाकत जाते. गाडी लावायला जागा शोधत श्रीकांतरावांनी चार फेऱ्या मारल्या आणि प्रत्येक फेरीला पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याची आठवण काढली. आम्हाला उतरवून ते पाचव्या फेरीला गेले. मी आणि केतकी वाणसामानाच्या दुकानात शिरलो.

नारळ कानाशी धरून हलवत मी तिला चांगला नारळ कसा ओळखायचा ते शिकवत होतो. ती मध्येच म्हणाली, “काका, संडेला माझ्याबरोबर कॉलेजला येणार? माझ्या प्रोफेसरना तुम्हाला भेटवायचंय. ते फॉलमध्ये, म्हणजे सप्टेंबरनंतर, तुमचं नाटक डायरेक्ट करतील. आय जस्ट नो इट. ते फ्रेंच आहेत. यंग असताना ॲक्टर होते, प्लेजपण लिहिलीत.”

“नाव काय त्यांचं?”

“तेस्केल. आर्माँ तेस्केल.”

नारळ हातातून सुटला आणि तांदळाच्या पोत्यांमध्ये घरंगळत गेला. तेच नाव अप्पासाहेबांनी जाहिरातीतून काढलं होतं. मी वाकून नारळ शोधायला लागलो, कारण तोंड लपवायला तेवढीच जागा होती.

“यू नो हिम?” तिने विचारलं.

“नाही,” मी म्हणालो.

ती उत्साहाने सांगत राहिली. त्यांची नाटकं छापलेली कुठे मिळत नाहीत, वर्गात ते त्यांच्याबद्दल बोलत नाहीत, पण कुणी वाक्य खोटं म्हटलं की मागच्या रांगेतून ओळखतात. शनिवारी प्रयोगालाच यायचे होते, पण डोळ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून आपणच जायचं. मला काहीतरी कारण काढून टाळता आलं असतं. पाय मुरगळता येतो, पोट बिघडवता येतं, नटाला काय कठीण? पण खरं सांगतो, त्या माणसाला पाहण्याची मला ओढही लागली होती. इतकी वर्षं मी त्याची वाक्यं बोलून टाळ्या घेतल्या होत्या.

शनिवार, एका शाळेचं नाट्यगृह

प्रयोग दुपारी चारचा. शाळेचं नाट्यगृह आमच्याकडच्या कोणत्याही थिएटरच्या तोंडात मारेल असं होतं, पण रंगमंचावर निरांजन लावायला बंदी. नारळ फोडायलाही तिथला देखरेख करणारा गोरा गृहस्थ तयार होईना. फरशीला टवका जाईल म्हणाला. मग आम्ही सगळे मेकअप केलेल्या तोंडांनी मोटारी उभ्या करायच्या पटांगणात गेलो आणि चाक अडवायला तिथे असतो त्या काँक्रीटच्या ओंडक्यावर नारळ फोडला. धोतरातले दामूअण्णा पाहून एका आजीबाईंनी गाडी थांबवली आणि सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.

प्रयोग रंगला. किती वर्षांनी एकदा मराठी नाटक बघणारा प्रेक्षक, तो हशा साठवूनच आला होता. शेवटी म्हातारीने माझा हात धरला तेव्हा पहिल्या रांगेत हुंदके ऐकू आले. मंडळाच्या अध्यक्षांनी लाकडी फळीवर पितळी पत्रा ठोकलेलं मानपत्र दिलं आणि माइकवर म्हणाले, “हे अस्सल आपल्या मातीतलं नाटक! परक्याची उसनवारी नाही!” मी हात जोडून मान लववली. केतकी विंगेत उभी राहून रडत होती, हसत होती, टाळ्या वाजवत होती. तिच्याकडे बघवेना, म्हणून मी प्रेक्षकांकडे बघत राहिलो.

विस्कॉन्सिन

रविवारी सकाळी केतकी मला तिच्या गाडीतून घेऊन निघाली. दोन-अडीच तासांचा रस्ता. दोन्हीकडे नुकतंच पेरलेलं मक्याचं रान, लाल कोठारं, सुस्त गायी. आपल्याकडे एवढ्या जमिनीत पाच गावं आणि पंचवीस तंटे मावले असते. वाटेत एका खानावळीत थांबून रूबार्ब नावाच्या आंबट देठांचा ‘पाय’, म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, खाल्ला. तिथे तिला सांगायचं असं मी ठरवलं होतं.

“केतकी, ती फाईल आज नको देऊस. त्यात थोड्या चुका आहेत.”

“चुका? कुठे?” तिचा चेहरा पडला. “आय वर्क्ड सो हार्ड, काका.”

“तुझ्या नाहीत गं.”  आणि पुढचं सांगायच्या ऐवजी मी आणखी एक ‘पाय’ मागवला. भूक नव्हती.

तेस्केल यांचं घर कॉलेजच्या मागे, पांढऱ्या लाकडाचं, छोटंसं. दार त्यांनीच उघडलं. पंचाहत्तरीचे, बारीक अंगाचे, डाव्या डोळ्यावर पट्टी, आणि घरातल्या घरात जेवायलाही टाय. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, “या, या. माझ्या घरी नाटककार येऊन किती वर्षं झाली!” त्यांचं इंग्रजी फ्रेंच वळणाचं, माझं गिरगावी, पण एकमेकांना आम्ही केतकीपेक्षाही लवकर समजत होतो. शेगडीवर मसूर शिजत होते, गाजर आणि तमालपत्र घातलेले. फोडणी दिली असती तर आमटीच.

केतकीला त्यांनी बागेतून कोथिंबिरीसारखी पार्सली खुडून आणायला पाठवलं आणि कांदा चिरत स्वतःबद्दल सांगू लागले. वडील एका लहान गावात हातमोजे शिवायचे. मुलाने सुई धरावी अशी त्यांची इच्छा, तर मुलगा सतराव्या वर्षी फिरत्या नाटक मंडळीबरोबर पळाला. आधी प्रॉम्प्टर, मग नोकराच्या भूमिका, मग लंगड्या शिपायाच्या. “सहा वर्षं मी रंगमंचावर फक्त ट्रे घेऊन आलो. ट्रे कसा धरायचा यावर मी पुस्तक लिहीन.” युद्धानंतर पॅरिसला जाऊन नाटकं लिहिली. दोन बरी चालली. तिसरं, सगळ्यांत जिवाभावाचं, नऊ दिवसांत बंद पडलं. पत्नी अमेरिकन, मार्गरेट. तिने त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, ते एका छोट्या मासिकात आलं, आणि तिथेच संपलं. मग तिच्या मागोमाग इथे येऊन मास्तरकी. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

“ते नाटक नंतर कुणी केलं नाही?” हे मी विचारलं. का विचारलं, मला माहीत नाही.

“कुणीच नाही,” ते म्हणाले आणि कांदा पातेल्यात लोटला.

जेवणाच्या टेबलावर तीन थाळ्या मांडल्या होत्या. केतकी आत आली, तिने त्या पाहिल्या आणि खुदकन हसली. “काका, तीन!” कपाट उघडून तिने चौथी थाळी आणली आणि रिकाम्या खुर्चीसमोर ठेवली.

“हे कोणासाठी?” तेस्केल यांनी विचारलं.

मी म्हणालो, “काही नाही, पोरखेळ.” पण ती कुठली थांबते! तिने इंग्रजीत झरझर सांगायला सुरुवात केली. आमच्याकडे तीन अशुभ असतात. म्हणून चौथा पाट मांडतात. काकांच्या नाटकात एक गरीब माणूस असतो, तो हेच काम करतो. स्वच्छ कोट घालून श्रीमंतांकडे बसतो, कुणी त्याला नाव विचारत नाही, त्याने मोठ्याने हसायचं नाही, दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं नाही...

दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं नाही, हे वाक्य त्यांचंच होतं. मी ते शब्दशः उचललं होतं. त्यांच्या उघड्या डोळ्याकडे मी पाहत होतो. तो आधी केतकीवर होता, मग हळूहळू माझ्यावर आला आणि तिथेच राहिला. हातातला पाव त्यांनी खाली ठेवला. आता ते उठतील, मला घराबाहेर काढतील असं वाटलं. तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

“आणि शेवटी काय होतं?” त्यांनी शांतपणे विचारलं.

केतकीने म्हातारीचा प्रवेश सांगितला. सांगतानाही तिचे डोळे भरले.

 मग तेस्केल माझ्याकडे वळून म्हणाले, “तेराचे तीन केलेत. हे चांगलं आहे. फार चांगलं आहे.”

“कसले तेरा?” केतकीने विचारलं.

त्यांनी उत्तर दिलं नाही. ती जागा त्यांनी माझ्यासाठी मोकळी ठेवली. मला ते कळलं. रंगमंचावर समोरचा नट आपल्यासाठी थांबला की कळतंच. आणि मी म्हणालो, “त्यांच्याकडे तेरा अशुभ मानतात, त्याबद्दल बोलतायत.” शब्द न् शब्द खरा, आणि त्याच्याइतकं नीच वाक्य मी आयुष्यात बोललो नाही.

जेवण झाल्यावर केतकी भांडी विसळायला आत गेली. आम्ही दोघं बाहेर दारापुढच्या ओट्यावर बसलो.

“मार्गरेटचं भाषांतर?” त्यांनी विचारलं.

“हो. मुंबईत फुटपाथवर मिळालं.”

“तिला वाटायचं, ते कुणी वाचलंच नाही.” मग, “किती प्रयोग?”

“चारशेच्या वर.”

त्यांनी तो आकडा फ्रेंचमध्ये स्वतःशी म्हणून पाहिला. “सूपच्या जागी काय घातलंत?”

“आमटी.”

ते हसले. हसता हसता ठसका लागला. मी पाणी आणायला उठलो तर हाताने बसवलं. “पण तुमचा माणूस उठून गेला नाही.”

“नाही.”

“मी गेलो होतो,” ते म्हणाले. “बावीस वर्षांचा होतो. काम नव्हतं, दोन दिवस पोटात काही नव्हतं. मंडळीच्या पेटाऱ्यातला काळा कोट घालून चौदावा म्हणून बसलो. सूपचे चार चमचे झाले आणि तो खरा पाहुणा आला. मी उठलो. कुणी मान वर केली नाही. इतकी वर्षं मी लिहितोय, शिकवतोय, पण ते सूप अजून माझ्यासमोर अर्धंच आहे.”

मी मान खाली घातली. मी नाटक चोरलं असं मला इतके दिवस वाटत होतं. पण खरं तर त्या माणसाची भूक आणि त्याचा अपमान उचलून मी वाईच्या एका काल्पनिक काकाला दिला होता आणि त्यावर बक्षीस घेतलं होतं. लाजेने कान तापतात हे खरं आहे. माझे तापले होते.

“लोकांना तुम्ही काय सांगता? कुठून सुचलं?”

“माझे एक काका होते, असं सांगतो. नव्हते.”

“कसे होते ते?”

“पांढऱ्या मिशा होत्या,” मी म्हणालो. आता लपवायला काय उरलं होतं!

त्यांनी आपल्या गुळगुळीत ओठांवरून बोट फिरवलं. या वेळी हसले नाहीत. “त्या मुलीला तुम्ही सांगा. मी सांगणार नाही. तुम्ही सांगेपर्यंत मी ती फाईल उघडणारही नाही.”

निघताना केतकीने फाईल पुढे केली, तेव्हा डोळ्याकडे बोट दाखवून ते तिला म्हणाले, “पुढच्या आठवड्यात. आता वाचता येत नाही.”

परतीची वाट

अर्ध्या तासाने पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा सांगितलं. गाडीच्या टपावर हात ठेवून, उन्हात उभा राहून सांगितलं. मासिक, अप्पासाहेब, जाहिरात, बक्षीस, सगळं. ती ऐकत राहिली, हातात पेट्रोलची नळी तशीच.

“सो इट्स हिज.”

“हो.”

“आणि विष्णुपंत?”

“ते नाहीत.”

“नव्हते की नाहीत?”

“नव्हतेच.”

नळी तिने जागेवर टांगली. “काका, मी हायस्कूलमध्ये सगळ्यांना सांगायचे, आय ॲम नॉट रिअली मराठी. मग ही कॅसेट आली. मला वाटलं, धिस इज माइन. माझ्या लोकांनी हे लिहिलंय.” ती गाडीत जाऊन बसली. शॉमबर्गपर्यंत सरळ रस्त्याकडे बघत गाडी चालवली. 

घराच्या दारात पोचल्यावर मात्र म्हणाली, “टुमारो. पिकनिकला सगळे असतील. तुम्ही सांगा.”

सोमवार

सोमवारी सुट्टी होती. मंडळाने आम्हाला निरोप म्हणून एका जंगलवजा बागेत वनभोजन ठेवलं होतं. शंभरेक माणसं. शेगडीवर कणसं भाजत होती, लिंबू-तिखट लावून हातोहात जात होती. एका पातेल्यात भेळ, दुसऱ्यात मठ्ठा, पोरं फ्रिस्बी खेळत होती. अध्यक्षांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी बाकावर चढलो आणि सांगितलं. अगदी सरळ, एकही विनोद न करता. हे नाटक माझं नाही, ते आर्माँ तेस्केल यांचं आहे, ते इथून अडीच तासांवर राहतात, आणि शनिवारी मानपत्र घेताना मला हे माहीत होतं.

 मग अध्यक्षच मोठ्याने हसले. “अहो काका, एवढंच ना! मला वाटलं तब्येतीचं काही सांगताय.”

“सगळेच करतात यार,” मागून कोणी म्हणालं.

“गोऱ्यांनी आपलं काय काय नेलं! आपण एक नाटक आणलं तर बिघडलं कुठे?” यावर तर टाळ्या पडल्या. दोघा-तिघांनी माझ्या पाठीवर थाप मारली, केवढा मोठेपणा म्हणाले. सुनीताबाईंनी माझ्या हातात आणखी एक कणीस दिलं आणि म्हणाल्या, “मनाला नका लावून घेऊ, काका. खा गरम गरम.”

शिक्षा घ्यायची तयारी करून गेलो होतो, आणि लोक मला कणीस देत होते. मला वाईट याचं वाटतं की क्षणभर मला सुटल्यासारखं झालं. मीही त्यांच्याबरोबर थोडा हसलो.

केतकी झाडाखाली उभी होती. ती जवळ आली.

“व्हाय आर दे लाफिंग?”

मी कणीस खाली ठेवलं.

“तिकडे गेल्यावर नाव बदलणार ना? ॲडमध्ये?”

“बदलेन.”

“प्रॉमिस?”

“प्रॉमिस,” मी म्हणालो.

मुंबई

परतलो त्याच आठवड्यात अप्पासाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, “आता? या वयात? नाशिकचा दौरा तोंडावर आलाय, तो होऊ दे.” मी बरं म्हणालो. नाशिकनंतर नागपूर आलं, नागपूरनंतर दिवाळीचे प्रयोग. प्रत्येक वेळी मी बरं म्हणालो, आणि प्रत्येक वेळी अप्पासाहेबांनी चहा मागवला.

डिसेंबरात केतकीचं पत्र आलं, मोडक्यातोडक्या देवनागरीत, स्वतःच्या हाताने लिहिलेलं. वसंतात कॉलेजात नाटक होणार आहे. वर नाव तेस्केल यांचं. त्याखाली, मराठी रूपांतर, म्हणून माझं. शेवट त्यांचा ठेवला आहे, माणूस उठून जातो. तेस्केल स्वतः एका प्रवेशात ट्रे घेऊन येणार आहेत. पत्राच्या शेवटी एकच प्रश्न होता: ‘काका, तिकडे बदललं का?’

ते पत्र दोन महिने माझ्या टेबलावर आहे. उत्तर लिहिलेलं नाही. गेल्या रविवारच्या पेपरात ‘चौथा पाट’ची जाहिरात पाहिली. लेखक आणि प्रमुख भूमिका, दोन्हीकडे माझंच नाव. येत्या रविवारी पुन्हा येईल, कारण मी अजून अप्पासाहेबांशी भांडलेलो नाही. त्या वीस वर्षांच्या पोरीने माझ्या लेखी परक्या मुलखात, परक्या भाषेत जे करून दाखवलं, ते मला माझ्या गावात, माझ्या भाषेत इतके महिने जमलेलं नाही.

‘चौथा पाट’ हे नाटक आर्माँ तेस्केल यांचं आहे. हे वाक्य मराठीत, शाईने, मी आज पहिल्यांदा लिहिलं.